वरच्या वस्तीचं पाणी

"ए पोरी, तू का गं लांब उभी? खाली ये की. बदकाची पिल्लं बघ."

बाबालालने हाक मारली तरी ती मुलगी जागची हलली नाही. शाळेची बाकीची चाळीसेक पोरं तळ्याच्या कठड्याला लगटून उभी होती. त्यांच्यापुढे उद्यानाचा मार्गदर्शक इंद्रजित गळ्यात दुर्बीण अडकवून बोलत होता. हळदीकुंकू बदकांची जोडी पिल्लं घेऊन पलीकडच्या काठाने चालली होती आणि ती सात की आठ यावरून पोरांचं भांडण जुंपलं होतं. ही एकटीच वर पायवाटेवर, धायटीच्या झुडपाशी दप्तर पोटाशी धरून थांबली होती.

बाबालाल चार पायऱ्या चढून वर गेला. उद्यानाचा रखवालदार तो. खाकी शर्टाच्या खिशावर उद्यानाचं नाव शिवलेलं. त्याला वाटलं, पोरगी खोलीला भ्यायली असेल. तळं म्हणजे शेवटी दगडखाणीचा खड्डाच. तिन्ही बाजूंनी साठ-साठ फुटांचे सरळ कडे. पहिल्यांदा येणाऱ्याला गरगरतंच.

"भ्या वाटतंय व्हय?"

"न्हाई."

"मग?"

मुलीने मान खाली घातली. "आजी म्हणली, आता तू मोठी झालीस. पाण्याच्या जवळ जायाचं न्हाई."

"आँ? असं का म्हणली? कुणाची गं तू?"

"वरच्या वस्तीवरची. समीक्षा. म्हसू धनगराची नात." मग, एवढ्याने याला कळलं नसावं असं वाटून तिने भर घातली, "आमच्या आजीच्या हातनं झरा आटला हुता ना. तिचा विटाळ झाला म्हनून. तवापासनं आमच्या घरात पाण्याचं लई पाळत्यात."

हजेरीचा नंबर सांगावा तसं तिने ते सांगितलं.

खाली इंद्रजितचा आवाज चढला होता. "आणि गंमत म्हणजे, हे तळं मे महिन्यातसुद्धा आटत नाही! का? तर तो उत्तरेचा कोपरा बघा. तिथे जिवंत झरा आहे. आम्ही थर्मामीटर लावून तपासलंय, तिथलं पाणी कायम गार असतं. माणसाने डोंगर फोडला आणि निसर्गाने त्या जखमेत पाणी भरलं. कधी भरलं, कुठून आलं, कुणालाच माहीत नाही. याला म्हणतात निसर्गाची किमया!"

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, मग पोरांनीही वाजवल्या.

सुरुंगाच्या आवाजांनी बाबालालचा डावा कान जवळजवळ गेलेला होता. पण हे त्याला नीट ऐकू आलं. त्याने उत्तरेच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथल्या कड्यावर पाण्याच्या वर हातभर अजूनही दोन उभ्या खाचा दिसत होत्या. जॅकहॅमरने मारलेल्या भोकांच्या. ती भोकं त्यानेच मारली होती.

*

तेहतीस वर्षांपूर्वी चांदे गावाच्या वरच्या अंगाचा हा डोंगर अख्खा होता. डोंगराच्या कमरेला हैबतरावांची खाण आणि क्रशर. माथ्यावरच्या पठारावर धनगरांची चार घरांची वस्ती. बाबालाल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, खाणीवर सुरुंगाचं काम करायचा. भोकं मारायची, दारू ठासायची, वात लावायची, लाल झेंडा हलवत "होऽऽ" करून ओरडायचं आणि पळायचं. खाणीत मालकाखालोखाल त्याच्या शब्दाला मान होता. दगड कुठे मऊ आहे, कुठे बोलतो, हे तो हात लावून सांगायचा.

म्हसू रोज सकाळी खाणीवर दूध घालायला यायचा. त्याची नि बाबालालची गट्टी होती. ईदेला म्हसू बोकड आणून द्यायचा आणि शिरखुर्म्याचा डबा वस्तीवर घेऊन जायचा. त्याची बायको सारजाबाई आणि बाबालालची रोशनबी पौडच्या बाजारात भेटल्या की तासभर बोलत उभ्या राहायच्या. सारजाबाई तेव्हा विशीची होती. कडेवर वर्षाचं पोर.

वस्तीचं सगळं पाणी एका झऱ्यावर. पठाराच्या उत्तर कडेला उंबराखाली कातळातून मनगटाएवढी धार पडायची, बारा महिने. शेजारी बिरोबाचा शेंदूर लावलेला दगड. देवाचा नैवेद्य त्याच पाण्यावर शिजायचा.

एका सोमवारी दूध लवकर घालून म्हसू म्हणाला, "चार दिस दूध न्हाई बरं का. पोराचं जावळ हाय. मामाच्या मांडीवर काढायचं. सगळी वस्तीच निघालोय कोळवणला."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर बाबालालने उत्तरेच्या तोंडावर अकरा भोकं उडवली. तिकडे सरकू नये असं त्याला आधी वाटलं होतं. दगडाला ओल लागत होती. पण रस्त्याच्या ठेक्याची खडी वेळेत द्यायची होती आणि हैबतराव मागे लागले होते. धुरळा बसल्यावर तो पुढे गेला तर फुटलेल्या दगडातून पाणी येत होतं. पाझर नव्हता तो. चांगली मनगटाएवढी धार.

त्याने वर पाहिलं. बरोबर डोक्यावर, चाळीस हात उंचीवर, उंबराचा शेंडा दिसत होता.

हैबतराव आले, पाण्यात बूट बुडवून उभे राहिले. मग म्हणाले, "पंप लाव. कुणी इचारलं तर पावसाचं पाझारतंय म्हनायचं."

"मालक, वरच्या वस्तीचा झरा हाय ह्यो."

"ठावं हाय मला. वस्ती चार घरांची, खाणीवर चाळीस घरं जगत्यात. तुझं धरून. कळतंय का?"

बाबालालला कळलं. त्याने पंप लावला.

वस्तीवरची माणसं शुक्रवारी परतली. सारजाबाई सगळ्यांच्या आधी हंडा घेऊन झऱ्यावर गेली. धार करंगळीएवढी झालेली. आणि त्याच संध्याकाळी ती बाजूला बसली. बाळंतपणानंतरची पहिलीच वेळ. तिला आधी उमगलंच नव्हतं. सासूने दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या. आठ दिवसांत झरा ठणठणीत कोरडा पडला, तेव्हा कुणाला शंकाच राहिली नाही.

देवाला कौल लावला त्या दिवशी बाबालाल तिथे होता. परतल्यावरही पुन्हा चार दिवस म्हसूने दूध घातलं नव्हतं, म्हणून चौकशीला वर गेला होता. कोरड्या झऱ्यापुढे सारजाबाईला उभी केली होती. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, पोर कडेवर रडत असलेलं. सासू म्हणत होती, "बोल, बाटवलंस का न्हाई?" आणि सारजाबाई म्हणत होती, "मला ठावं न्हवतं आत्या. मला खरंच ठावं न्हवतं." म्हसू खाली बघत, पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

खालून पंपाचा आवाज येत होता. धडधड, धडधड. तो आवाज कशाचा, हे तिथल्या पंधरा माणसांत एकट्या बाबालालला माहीत होतं.

तो म्हणाला, "म्हसू, उद्या येतोस का दूध घेऊन?" आणि उतरला.

*

पुढे काय व्हायचं ते होत राहिलं. वस्तीतल्या बायका खाली गावच्या विहिरीवर यायला लागल्या. एक खेप तासाची. सारजाबाईला मात्र विहिरीच्या कठड्यावर चढू द्यायचे नाहीत. दुसऱ्या कुणी पोहरा ओढून तिच्या हंड्यात ओतायचा. बिरोबाच्या नैवेद्याच्या चुलीजवळ तिने जायचं नाही. वर्षागणिक हे इतकं अंगवळणी पडलं की कुणी तिला अडवावंच लागेना. ती आपणहून लांब बसायला लागली. बाजारात रोशनबी भेटली तर सारजाबाई बोलायची, पण पूर्वीसारखी हसायची नाही.

खाण वाढली. उंबर कोसळला, झऱ्याची जागाच राहिली नाही. म्हसूने दूध घालणं बंद केलं, काही भांडण न होता. मग हिंजवडीकडून टॉवर सरकत इकडे आले, धुरळ्याच्या तक्रारी झाल्या, वरून हुकूम आला आणि खाण बंद पडली. हैबतराव पुढच्याच वर्षी वारले.

पंप थांबला तसा खड्डा भरू लागला. दहा-अकरा वर्षं कुणी फिरकलं नाही. कड्यांवर गवत धरलं, सावरी उगवल्या, खंड्याने मातीत बिळं केली. मग पुण्यातल्या एका संस्थेने ग्रामपंचायतीशी करार करून कुंपण घातलं, पायवाटा केल्या, आणि खाणीची माहिती असलेला माणूस हवा म्हणून बाबालालला बोलावलं. साठीला टेकल्यावर पुन्हा त्याच जागेवर नोकरी. तो खूश होता. ज्या हातांनी डोंगर फोडला त्यांनीच इथे आठशे रोपं लावली, असं इंद्रजित पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे बाबालालबरोबर फोटो काढायचे.

खाण चालू होती तोवर पोटाचा प्रश्न होता, असं तो स्वतःला समजावत आला होता. पण खाण बंद झाली, मालक गेला, म्हसूची आई गेली, तेव्हा कशाचं भय होतं? कशाचंच नव्हतं. तरी त्याने सांगितलं नाही. एवढी वर्षं गप्प का बसलास, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं, तेवढंच एक भय उरलं होतं. आणि दर वर्षी ते आणखी एका वर्षाने वाढत होतं.

*

त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने रोशनबीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"ही सगळी वर्सं तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन मी तिला बाजारात सांगायची, जाऊ दे गं सारजा, देवाच्या मनात आसंल तसं. तुमी माझ्या तोंडून ते वदवलंत." तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही. "मला सांगितलं आसतं तर मी दुसऱ्या दिशी जाऊन तिला सांगून आले आसते."

"म्हनूनच न्हाई सांगितलं."

रोशनबीने पीठ लागलेल्या हातानेच गॅस बंद केला.

"सोमवारी सुट्टी हाय ना तुमाला? वर जावा. मी काय तुमच्यासंगं येणार न्हाई."

*

सोमवारी सकाळी तो वस्तीवर गेला. आता तिथे पत्र्याची घरं आहेत, टाकी आहे, टँकर येतो. म्हसू अंगणात खाटेवर बसून होता. मोतीबिंदूने एक डोळा पांढरा पडलेला. सारजाबाई नुकत्याच व्यालेल्या शेळीचं करडू आईला लावत होती.

"कोन? बाबालाल?" म्हसू म्हणाला. "आमची शेरडं काय शिरली का रं तुझ्या बागंत?"

"न्हाई. वहिनींशी बोलायचं हुतं."

सारजाबाईने मान वर केली. बाबालाल खाटेवर बसला नाही. उभ्यानेच बोलला. वाटेत शब्द जुळवून ठेवले होते ते एकही आठवले नाहीत. मंगळवार म्हणाला, अकरा भोकं म्हणाला, पंप म्हणाला. झऱ्याची शीर त्याच्या सुरुंगाने तुटली, ते पाणी खाली खाणीत उतरलं, आजही तिथेच आहे, एवढं कसंबसं सांगून झालं.

म्हसू खाटेवरून उठला. काठी त्याच्या हातातच होती. ती उगारायला त्याने हात उचलला, पण पुढे यायच्या आधीच सारजाबाई म्हणाली, "बसा तुमी."

असं ती म्हणाली की म्हसू बसायचा, असं काही आजवर घडलेलं नसावं. पण तो बसला.

"कंचा मंगळवार, भावजी?"

"तुमी जावळाला गेलता तवाचा. सोमवारी तुमी निघालात. दुसऱ्या दिशी."

"म्हंजी मी हितं न्हवतेच."

"न्हवता."

"कोळवणात हुते. भावाच्या घरी." करडू तिच्या हातातून सुटून ढुशा देत होतं. "मी लई आठवायची. झऱ्यावर कवा पाऊल पडलं, आधी का मागनं, कापडाला डाग कवा दिसला. रातरात आठवत बसायची. मला वाटायचं, चुकलं आसंल माझंच. एवढी मानसं म्हनत्यात तर चुकलंच आसंल." तिने करडू परत जवळ ओढलं. "आन मी हितं न्हवतेच की."

बाबालालने हात जोडले. तिने तिकडे पाहिलं नाही.

"आत्या मरताना म्हणली, सारजे, मी तुला माफ केलं. मी पाया पडले तिच्या."

म्हसूने तोंडावर टॉवेल धरला होता. तो रडत होता की उन्हाने डोळा पुसत होता, ते बाबालालला कळलं नाही आणि विचारायचा हक्कही नव्हता.

"वहिनी, म्हनत आसाल तर सगळ्या वस्तीला गोळा करतो. चौघांपुढं सांगतो. देवापुढं सांगा म्हनलात तर देवापुढं."

"कुनाला सांगता? सांगायची ती मानसं कवाच गेली." ती उठली, हात झटकले. "समीक्षाला सांगा. साळंतनं येईल दुपारी. तवर बसा हितं."

तो बसला. उन्हं डोक्यावर आली, कललीही. त्याला कुणी पाणी विचारलं नाही आणि त्याला ते मागता आलं नाही. अडीचच्या सुमाराला समीक्षा दप्तर घेऊन वर आली, त्याला ओळखून हसली. आजीने तिला जवळ बसवलं आणि बाबालालकडे बोट केलं.

तेच सगळं त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी जरा नीट सांगता आलं. पोरीने मध्येच विचारलं, "म्हंजी आजीच्या हातनं काय झालंच न्हाई?"

"काय सुदीक न्हाई. माझ्या हातनं झालं."

"मग तवाच का न्हाई सांगितलं, चाचा?"

"नोकरी जाईल म्हनून भ्यालो."

"आन नंतर?"

म्हसूचा टॉवेल खाली आला होता, त्याचा बरा डोळा बाबालालवर होता.

"नंतर लाज वाटली."

पोरीने मान हलवली. समजलं म्हणून हलवली की अशीच, कोण जाणे. "मी जाऊ का आता पाण्याकडं?" तिने आजीला विचारलं. सारजाबाईने तिच्या केसांवरून हात फिरवला.

*

इंद्रजितला त्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तळ्याकाठी माहितीचा नवा फलक लागायचा होता. त्यावर खरं लिहा, म्हणाला.

इंद्रजितने सगळं ऐकून घेतलं. पोरगा मनाने चांगला होता. त्याचा चेहरा उतरला. "काका, मी संस्थेत बोलतो. पण खरं सांगू? हे अवघड आहे. लोक इथे प्रसन्न व्हायला येतात. आणि त्या बाईंचं नाव, त्यांचं खासगी... ते बरं दिसणार नाही."

"नाव नका लिहू. वरच्या वस्तीचा झरा हुता, खाणीनं तुटला, एवढंच लिवा. एक ओळ."

"बघतो."

पंधरा दिवसांनी फलक लागला. गुळगुळीत, रंगीत, बदकांच्या फोटोंचा. पाण्याबद्दल त्यावर दोन वाक्यं होती आणि दुसऱ्या वाक्यात किमया हा शब्द होता. इंद्रजित त्या दिवशी आला नाही, फलक लावायला दुसरीच माणसं आली. बाबालालने त्यांना खड्डे खणून दिले. खांब ओळंब्यात धरले.

म्हसू त्याच्याशी त्यानंतर बोलला नाही. गावात समोरासमोर आले तर बाजूला होऊन वाट देतो, अनोळखी माणसाला देतात तशी. रोशनबी बोलते, पण कामापुरतं. मध्ये एकदा ती एकटीच वस्तीवर जाऊन आली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

मे महिन्यातल्या एका बुधवारी, दुपार कलल्यावर, सारजाबाई आणि समीक्षा फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. सारजाबाईने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. कनवटीचे पैसे काढून तिने तिकिटाच्या खिडकीवर ठेवले.

"वहिनी, तुमाला तिकीट न्हाई."

"फाडा," ती म्हणाली. "दोन."

त्याने दोन तिकिटं फाडली.

तो पुढे झाला आणि उत्तरेच्या कोपऱ्याकडची वाट दाखवली. खाली उतरताना तिने नातीचा खांदा धरला होता. शेवटच्या पायरीशी ती थांबली, चांगली पाच मिनिटं. मग चपला काढल्या, कडेला नीट जोडून ठेवल्या आणि कातळावर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले. बाजूलाच 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी होती. ती पाटी त्यानेच रोवलेली. समीक्षाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वळवली.

"लई गार हाय गं," मागून सारजाबाईचा आवाज आला. पुढे ती बराच वेळ काही बोलत होती, पण बाबालालचा डावा कान त्या बाजूला होता. त्याने वळून उजवा केला नाही.

आयटीतली एक जोडी मोबाइल उंच धरून पायवाटेने आली. "अंकल, उधर वो स्प्रिंगवाला पॉइंट है ना?"

"आज बंद हाय," बाबालाल म्हणाला.

"पण त्या आजी तर बसल्यात."

"त्यांचं हाय ते."

जोडी परत फिरली. बाबालाल वाटेच्या मधोमध, तळ्याकडे पाठ करून उभा राहिला. कड्याची सावली पाण्यावर सरकत गेली. सहाला फाटक लावायचं असतं. सहा वाजले, मग साडेसहा झाले. तो तसाच उभा होता.